उंबरठ्यावर कोण बसलंय?

मध्यंतरी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सभागृहात पालकांसाठी चर्चासत्र होतं. विषय होता, 'सोशल मीडिया : शाप की वरदान?' आमच्या पिढीनं शाळेत याच साच्यात विज्ञानावर निबंध लिहिले. शेवटी 'ते वापरणाऱ्याच्या हातात आहे' असं लिहून दहापैकी सात गुण घेतले आणि विषय मिटवला. इथेही तसंच झालं. पहिल्या वक्त्यांनी ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला आणि सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हातून हे सगळं काढूनच घ्यायला हवं, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, जगातले उत्तमोत्तम शिक्षक आज खिशात आलेत, ज्याला शिकायचंय त्याला अडवणारं आता कोणी नाही. पुन्हा टाळ्या, त्याच लोकांच्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. मुलगी बारावीला. क्लासच्या ग्रुपवर तिनं गणिताची शंका विचारली की रात्री ग्रुपमधल्याच कुठल्यातरी नंबरवरून 'हाय' येतं, मग 'डीपी छान आहे' येतं. "आता ती शंका विचारतच नाही, सर. काय करू?" एक म्हणाले, फोन काढून घ्या. दुसरे म्हणाले, नंबर ब्लॉक करा. बाई खाली बसल्या. चहा आला.

दोन्ही उत्तरांत मुलीची शंका तशीच राहिली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा या वादावरचा राग तिथून सुरू होतो. माणूस एकट्यानं शिकत नाही, गोतावळ्यात शिकतो. आज तो गोतावळा मोबाईलवर जमतो. तो मोडून टाकणं जितकं अविचाराचं, तितकंच त्याला वाऱ्यावर सोडणंही. दार बंद ठेवायचं की सताड उघडं, एवढ्यावरच आपण भांडत राहतो आणि उंबरठ्यावर कोण बसलंय हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढचं आहे, आणि ते दोन्ही वक्त्यांना आवडणार नाही. ग्रुप सुरक्षित आहे का हे पाहायचं असेल, तर त्यातला सगळ्यात बुजरा माणूस शेवटचा प्रश्न कधी विचारून गेला ते पाहा. ज्या ग्रुपात तो गप्प आहे, तिथे कितीही कुलपं लावा, ती जागा सुरक्षित नाही.

शिक्षणशास्त्रातले लोक याला 'पर्सनल लर्निंग नेटवर्क' म्हणतात. म्हणजे ज्याची त्यानं जमवलेली, ज्यांना अडलं की विचारता येतं अशी माणसं. नाव नवं आहे, गोष्ट नवी नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथे पुस्तकाइतकाच शेजारी बसलेला वाचकही उपयोगी पडत आला. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. वडिलांची पिढी द्राक्षाची बाग पुस्तकातून शिकली नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर दहा-पंधरा जण एकमेकांच्या शिवारात फिरायचे, पान उलटं करून डाऊनी हा बुरशीचा रोग बघायचे, जीए या वाढसंजीवकाचं प्रमाण बांधावर उभं राहून ठरवायचे. तीच शिवारफेरी आता माझ्या भावाच्या फोनवर रोज पहाटे भरते. मी रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून जाते. हे विद्यापीठ १९८९ साली ज्यांच्यासाठी निघालं ती माणसं, म्हणजे एमआयडीसीत पाळी करणारा मुलगा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली सून, बंदोबस्तातून वेळ काढणारा पोलीस, वर्गात क्वचितच भेटतात. त्यांना वर्गमित्र असा नसतोच. त्यांचा ग्रुप काढून घेतला, तर त्यांच्याजवळ फक्त पुस्तकं उरतात. पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते आधी मान्य करू. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढी अफवा फोनवरून फिरत होती, तेवढी पुरली. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पाच जिवांनंतर पाचची मर्यादा. हा योगायोग मला अजून टोचतो. त्याखेरीज रोजची फसवणूक आहेच: लग्नपत्रिकेच्या नावानं येणारी फाइल, उघडली की बँकेचं खातं रिकामं, शेअर बाजार 'शिकवणारे' ग्रुप, ज्यांत गुरुजी आणि नफा झालेले शिष्य एकाच टोळीचे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा शहरातले काही जण हसले होते. मी हसले नाही. गावानं मिळून ठरवलं आणि गावानं मिळून पाळलं, त्यात मला शहाणपणच दिसतं. बंदीवाल्यांची भीती खोटी नाही.

पण भीती खरी असली म्हणून उपाय खरा ठरतो का? राईनपाड्यातला जमाव सोळा वर्षांखालच्या मुलांचा नव्हता. अफवा अनोळखी माणसानं सांगितली असती तर तिच्यावर इतका विश्वास बसलाही नसता. ती मेव्हण्याच्या, मित्राच्या, गावच्या ग्रुपातून आली, म्हणून ती खरी वाटली. 'आमचा ग्रुप ओळखीच्यांचाच आहे' हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. आणि ज्या ऑस्ट्रेलियाच्या कायद्यावर त्या दिवशी टाळ्या पडल्या, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला खरा, पण त्यात व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपाची साधनं येतच नाहीत. म्हणजे तो कायदा उद्या जसाच्या तसा नाशिकला आणला, तरी बारावीच्या त्या मुलीच्या क्लासचा ग्रुप तसाच चालू राहील आणि रात्रीचं 'हाय'ही. दाखला देणाऱ्यांनी कायदा वाचला असता तर बरं झालं असतं.

आणि बंदीचा भार पडतो कुणावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या पाचव्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. स्त्रियांत हा आकडा ३३. 'मुलांच्या हातून फोन काढा' हे वाक्य सभागृहात उच्चारलं जातं तेव्हा सगळ्या मुलांना लागू असतं. ते घरापर्यंत पोचतं तेव्हा मुलीचा फोन कपाटात गेलेला असतो आणि मुलाचा 'क्लाससाठी लागतो' म्हणून हातातच राहिलेला असतो. ज्यानं 'हाय' पाठवलं त्याचा फोन कुणी काढून घेतला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

एवढं झाल्यावर दुसरे वक्ते खूश होतील. त्यांच्याकडे वळते. 'सगळ्यांसाठी खुलं' हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या गावात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू करावा लागला आणि जिथे तो पुढं काही वर्षं चालवूनही दार उघडलं नाही, त्या गावानं तरी या शब्दांवर सहज विश्वास ठेवू नये. दारावर 'सर्वांचे स्वागत' लिहिलेलं असताना आत कुणाला अवघडल्यासारखं होतं, हे आत आधीपासून बसलेल्यांना दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. शिक्षकांच्या एका मोठ्या ग्रुपवर मी कितीतरी वर्षं होते. एकदा सुरगाणा तालुक्यातल्या एका नव्या शिक्षिकेनं प्रश्न टाकला. तिच्या पहिलीच्या वर्गातली मुलं घरी कोकणा बोलतात. पुस्तकातलं चित्र दाखवलं की आपल्या बोलीतला शब्द सांगतात. तो शब्द फळ्यावर लिहावा, की पुसून आधी प्रमाण मराठीतला शिकवावा? तिच्या निरोपात 'आणि'चं 'आनि' झालं होतं, 'पाणी'चं 'पानी'. एका सरांनी शुद्ध रूपं लिहून खाली हसरा चेहरा टाकला. मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि त्यांत एक माझाही होता. अर्ध्या तासात ती ग्रुपमधून बाहेर पडली. त्या वर्षात त्या ग्रुपवर आलेला तो सर्वांत मोलाचा प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळलं. शिव्या नाहीत, धमकी नाही, कुठलाही नियम मोडलेला नाही. तरीही ती जागा तिच्यासाठी असुरक्षित होती, आणि आम्हा बाकीच्यांसाठी ती जागा त्या दिवसापासून थोडी अडाणी झाली.

खुल्या दाराआड असले उंबरठे पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेचसे आपणच नकळत बांधतो. परिपत्रकाचा फोटो काढून टाकायचा, हा आपला लाडका प्रकार. डोळस माणूस बोटांनी तो मोठा करून वाचतो. पण ज्याचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्या अंध विद्यार्थ्याला अशा वेळी बहुधा 'छायाचित्र' एवढंच ऐकू येतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्स दुसऱ्याच्या फोनवर उघडल्या की अक्षरांचा चिवडा होतो. भराभर टंकता न येणाऱ्यांना आवाजी निरोप सोयीचा, पण ज्याला ऐकू येत नाही त्याला तो कोरा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ गंगापूर रोडला पटकन उतरतो. पेठच्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर चढलेल्या मुलाचा दिवसाचा डेटा तो गिळून टाकतो. यांतलं काहीच दुष्टपणानं होत नाही. पण वगळण्यासाठी दुष्टपणा लागतोच, असं कुणी सांगितलं?

सगळ्यात चिवट युक्तिवाद तिसराच आहे, आणि तो समंजस माणसं करतात. 'मोठे ग्रुप सोडा, विश्वासातल्या वीस जणांचा छोटा ग्रुप करा. शिकणंही होतं, त्रासही नाही.' मला हे मोहात पाडतं. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. गोदाकाठी वाढलेल्या महानुभाव पंथात, संस्कृतात ग्रंथ लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना नागदेवाचार्यांनी थांबवलं. कारण काय, तर पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या त्यानं नागवल्या जातील. सर्वसमावेशकतेचा याहून नेमका विचार मला माहीत नाही. ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या भाषेत बोला, बाकीचे आपसूक समजून घेतील. आणि त्याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत बंद केले. का केले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. विरोधकांपासून जपण्यासाठी म्हणा, पावित्र्यासाठी म्हणा. ग्रंथ जपले गेले, हे खरंच. पण लीळाचरित्रासारखा मराठीचा पाया विसाव्या शतकात लिपीची किल्ली मिळेपर्यंत बाकीच्या मराठी समाजाला जवळजवळ परका राहिला. कुलूप ठेव राखतं, पण तिच्यावर चढणारं व्याज बंद होतं.

बंद गोतावळ्याचं नुकसान बाहेरच्यांचंच होतं असंही नाही. द्राक्षवाल्यांनी हे भोगलंय. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. निफाड-दिंडोरीतल्या कित्येक घरांचं वर्षाचं गणित कोलमडलं. बागायतदार ते औषध वर्षानुवर्षं वापरत होते. एक वापरतो म्हणून दुसरा, दुसरा वापरतो म्हणून तिसरा. सगळे मेहनती, सगळे एकमेकांचे हितचिंतक. पण बांधावर उभ्या असलेल्यांत 'हे तिकडे चालतं का?' असं विचारणारा नव्हता, कारण तो बांधावरचा नव्हताच. सारखी माणसं एकमेकांना सारख्याच चुका शिकवतात. म्हणून सुरगाण्याची ती शिक्षिका ग्रुपवर असणं हे आमचे तिच्यावर उपकार नव्हते. आम्हाला जे दिसत नव्हतं ते दाखवणारी ती एकटीच होती.

मग दार उघडं ठेवून आतली शिस्त कशी राखायची? लोक म्हणतात, हजार माणसांत हे शक्यच नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत लाखांनी माणसं चालतात. कुणीही चालू लागावं, जात-गाव कुणी विचारत नाही. पण म्हणून तिथे मोकाट कारभार नाही. दिंड्यांना क्रमांक आहेत, विणेकरी ठरलेला आहे, चालण्याचा क्रम ठरलेला आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो आणि एवढा अफाट समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या टाळांच्या आवाजावरून चोपदार तिथवर जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात आणि आरती पुढे सरकते. मला ही व्यवस्था विलक्षण वाटते. एरवी आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला गप्प करून बाकीचे बोलत राहतात. इथे बाकीचे गप्प होतात आणि तक्रार करणारा वाजत राहतो. आपल्या किती ग्रुपांत टाळ वाजवायची सोय आहे? आणि आवाज आला तर उठून जाणारा चोपदार?

चोपदार म्हणजे अर्थात अ‍ॅडमिन. इथे लगेच हरकत येते: हे फुकटचं ओझं कोण घेणार, आणि उद्या कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनलाच धरतील. दुसरी भीती पुष्कळशी निराधार आहे. सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली स्पष्ट केलंय. पहिली हरकत मात्र खरी आहे. हे काम वेळखाऊ आहे, बिनपगारी आहे, आणि शाळांत ते बहुतेक वेळा 'मॅडम, तुम्हीच बघा ना' म्हणून बायकांच्या गळ्यात पडतं. यावर मला एवढंच सुचतं, की काम पाळीपाळीनं वाटून घ्यावं आणि त्याला काम म्हणावं. वाचनालयाच्या ग्रंथपालाला आपण फुकटा मदतनीस समजत नाही. मग दोनशे शिकणाऱ्यांची जागा राखणाऱ्याला का समजतो?

नियम आले की जिवंतपणा जातो, असंही म्हटलं जातं. भावाच्या द्राक्षग्रुपवरचा नियम सांगते. रोगट पानाचा नुसता फोटो टाकून 'काय मारू?' विचारलं तर उत्तर मिळत नाही. जात कोणती, छाटणी कधीची, पाऊस कधी झाला, आधी काय फवारलं, हे लिहावं लागतं. उत्तर देणाऱ्यालाही लिहावं लागतं, की हे स्वतःच्या बागेत करून पाहिलंय की ऐकीव आहे. 'ऐकीव' लिहिण्यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. या एका शब्दामुळे तिथे अफवेला पाय फुटत नाहीत. मी तर म्हणेन, पहाटे पाचला इतका जिवंत ग्रुप दुसरा नसेल.

त्या बाईंना मी जिन्यात गाठलं. सांगितलं, तिचा नंबर दिसणार नाही अशा ठिकाणी ग्रुप हलवायला सांगा. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. शंका थेट टाकायची नसेल तर एका शिक्षिकेकडे पाठवायची, त्या बिननावानं टाकतील. आलेल्या निरोपांचे स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक त्यानंतर करा. आणि पाठवणाऱ्याला ग्रुपमधून काढा, घरच्यांना कळवून. मुलीला नाही. बाई म्हणाल्या, "हे क्लासला सांगणार कोण?" पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी गेलो. 'आमच्याकडे असलं काही होत नाही' हे ऐकून घेतलं, स्क्रीनशॉट टेबलावर ठेवले, आणि तासाभरानं एक शिक्षिका हे काम बघायला तयार झाल्या. बाकीचं अजून व्हायचंय.

शंका मात्र शिल्लक होती, संभाव्यतेची. मुलीनं ती वहीच्या पानावर लिहून आईबरोबर पाठवली होती. मी मराठीची. मला ती सुटणार नव्हतीच. आमच्या अभ्यासकेंद्राच्या ग्रुपवर मी ती टंकून टाकली, कुणाची ते न सांगता. सकाळी सहाला पेठ तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आवाजी निरोप आला. चार मिनिटांचा, मागे कोंबडा आरवतोय, मधेच कुणीतरी चहा घेऊन आलंय. आमच्याकडे नियम आहे, म्हणून खाली तेच उत्तर पायरी पायरीनं टंकलेलंही होतं. आणि शेवटी कंसात : 'दुसरी पायरी तपासून घ्या, ती मी ऐकीव सांगतोय.'